तुम्ही विचारलंत म्हणून: त्रेसष्टातून अठ्ठावीस

प्रशिक्षणात शिक्षक विचारतात, "घरून काडीचं लक्ष नाही, मग आम्ही एकट्यांनी काय करायचं?" पालकसभेत आईवडील विचारतात, "शाळेत नीट शिकवत नाहीत, मग आमच्यासारख्या न शिकलेल्यांनी घरी काय करायचं?" मूल मागे पडलं त्याचा दोष घराचा की शिक्षकाचा, एवढंच दोघांना ऐकायचं असतं. मी काहीही उत्तर दिलं तरी दुसऱ्या बाजूची तरफदारी केल्यासारखं वाटतं. तेव्हा एकदा सविस्तर लिहिते.

आधी एक गणित. चौथीतलं मूल 63 मधून 28 वजा करतं आणि उत्तर लिहितं 45. वहीवर लाल फुली येते, शेरा येतो, 'सराव हवा'. पण हे मूल निष्काळजी नाही. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून त्यानं आठातून तीन काढले, सहातून दोन काढले आणि 45 लिहिलं. एकक असो की दशक, प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा असा त्यानं स्वतःचा नियम बसवला आहे आणि ते तो इमानदारीनं पाळतं. अशी आणखी वीस उदाहरणं घातली की त्याचा सराव चुकीच्याच नियमाचा होतो. त्याला हवेत दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. "यातून आठ सुट्या काड्या दे" म्हटलं की ते अडतं, आणि एक गठ्ठा सोडल्याशिवाय गत्यंतर नाही हे त्याच्याच हाताला कळतं. मग तेरा सुट्या होतात, आठ गेल्या की पाच उरतात. उरलेल्या पाच गठ्ठ्यांतले दोन काढले की तीन राहतात. पस्तीस. हे हातानं दोन-चार दिवस झाल्यावरच हातच्याची मांडणी वहीत यावी.

आता त्याच मुलाची आई बघा. बाजारात भाजी विकते. अठ्ठावीस रुपयांची भाजी झाली आणि गिऱ्हाइकानं साठाच्या नोटा आणि वर तीन रुपये हातावर ठेवले, तर ती कागद शोधत नाही. अठ्ठावीसला दोन तीस, तीसला तीस साठ, वर तीन, असं म्हणत पस्तीस परत करते. वजाबाकी ती चढत्या क्रमानं बेरजेनं करते. ही रीत पूर्णपणे बरोबर आहे आणि मुलाला गठ्ठ्यांइतकीच उपयोगी पडते. पण शाळेनं तिला कधी हे विचारलेलं नसतं, आणि तिला तर आपल्याला गणित येतं असंच वाटत नाही. 'घरून लक्ष द्या' म्हणणाऱ्यानं या आईकडून नेमकं काय हवंय ते सांगितलेलं नसतं. ती घाबरून शिकवणी लावते.

तुम्ही म्हणाल, ही झाली एका गणिताची गोष्ट. ठीक आहे, मोठी गोष्ट घ्या. माझ्यासारख्या लोकसहभागावर भिस्त ठेवणाऱ्यांच्या ती मनाला लागते, आणि म्हणूनच मी ती टाळत नाही.

2005-06 मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 280 गावांत एक अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी त्यात होते, आणि गावातलं काम 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचं होतं. गावांचे गट पाडले. पहिल्या गटात गावसभा घेतल्या. शाळेसाठी ग्रामशिक्षण समिती असते, तिला अमुक अधिकार आहेत, निधी असा येतो, हे लोकांना सांगितलं. दुसऱ्या गटात त्यापुढे जाऊन गावकऱ्यांनाच मुलांचं वाचन तपासायला शिकवलं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गावाचं प्रगतिपत्रक गावानंच तयार केलं. तिसऱ्या गटात हे सगळं आणि शिवाय गावातल्याच स्वयंसेवकांना वाचन शिकवण्याची सोपी पद्धत शिकवली. शाळा सुटल्यावर त्यांनी वाचनवर्ग घ्यायचे होते.

सुरुवातीची पाहणीच बोलकी होती. अशी समिती आहे हे बहुतेक पालकांना माहीत नव्हतं, आणि आपण तिचे सदस्य आहोत हे काही सदस्यांनाही ठाऊक नव्हतं. आपली मुलं किती वाचू शकतात याचा पालकांचा अंदाज बराच चढा होता. म्हणजे माहिती दिली की लोक उठतील, शाळेला जाब विचारतील, शिक्षक वेळेवर येतील आणि मुलं शिकतील ही साखळी पटण्यासारखीच होती. मलाही ती पटलेली होती.

पहिल्या दोन गटांत काहीच हललं नाही. समित्या जाग्या झाल्या नाहीत, शिक्षकांची हजेरी वाढली नाही, मुलांचं वाचन सुधारलं नाही. सभांना लोक आले होते, प्रगतिपत्रकं बघून वाईट वाटून घरी गेले होते, पण पुढे कुणी काय करायचं ते त्यांच्या हाती दिलेलं नव्हतं. तिसऱ्या गटात मात्र जी मुलं वाचनवर्गांना आली त्यांचं वाचन ठळकपणे सुधारलं. ज्यांना आधी अक्षरही ओळखता येत नव्हतं त्यांना अक्षरं येऊ लागली. वर्गांना आलेली मुलं मात्र गावातल्या एकूण मुलांपैकी थोडीच होती.

हे वाचून काही शिक्षक खूश होतात: पालकांच्या सहभागानं काही होत नाही, सिद्ध झालं! तसं सिद्ध झालेलं नाही. गावातली माणसं शिकवायला पुढे आली, कारण काम नेमकं होतं: ही दहा मुलं, हा तक्ता, हा वेळ. 'जाब विचारा' हे काम नेमकं नव्हतं. आणि ज्याच्याकडे उद्या दाखला मागायचा आहे त्याला आज जाब विचारणं गावात सोपंही नसतं.

शिक्षकांच्या बाजूनंही तेवढंच बोलते. 2008 मध्ये बिहारमध्ये सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीत मागे पडलेल्या मुलांसाठी वर्ग घेतले. मुलांना इयत्तेनुसार न बसवता पातळीनुसार बसवलं आणि मुलं पुढे सरकली. पण शाळा सुरू झाल्यावर नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलेल्या शाळांत फरक दिसला नाही. शिकवणारे तेच सरकारी शिक्षक. बदललं होतं ते एवढंच की शाळेच्या वर्षात पुस्तक पुढे न्यायचं असतं आणि मागे राहिलेल्यांसाठी वेळ कुणी राखून ठेवलेला नसतो. पुढे हरियाणात तिसरी ते पाचवीसाठी रोजचा एक तास वेळापत्रकातच राखून ठेवला आणि त्या तासाला मुलांचे गट पातळीनुसार केले, तेव्हा नियमित शिक्षकांकडूनही भाषेत सुधारणा झाली. देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः ती पद्धत वर्गात वापरून बघितली होती. मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

म्हणून प्रशिक्षण भरपूर होतं पण मुरत नाही, या तक्रारीवर माझं उत्तर ठरलेलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगतं. हे तास व्हिडिओ बघून, शेवटी प्रश्नमंजुषा सोडवून आणि प्रमाणपत्र उतरवून घेऊन पुरे करता येतात, आणि 63 वजा 28 चं 45 का आलं हे शिक्षकाला तरीही कळलेलं नसतं. आसपासच्या शाळा मिळून जे केंद्र होतं, त्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, परिपत्रकांचं वाचन एका पानावर आणा. प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या पाच चुकलेल्या वह्या आणाव्यात. एकच विषय, म्हणजे हातच्याची वजाबाकी किंवा जोडाक्षरांचं वाचन. चुकांची कारणं शोधा, एकानं प्रत्यक्ष मुलांसमोर पाठ घ्यावा, बाकीच्यांनी शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघावं. पुढच्या महिन्यात त्याच मुलांच्या वह्या परत आणा. दुसऱ्या खेपेला वह्या आल्या नाहीत तर आधीचा दिवस वाया गेला असं समजा.

पालकसभेचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात असं सांगितलं आहे. नोंदवहीवर सह्या होतात. पण आईसमोर तिच्या मुलाला परिच्छेद वाचायला लावला जात नाही. चार मिनिटं लागतात. तीस मुलांचे दोन तास, तेव्हा दोन दिवसांत विभागा. दिवस आठवडी बाजाराचा घ्या, त्या दिवशी मजुरीचा खाडा बहुधा होत नाही. मूल कुठे अडलं ते आईला दिसू द्या आणि एकच काम सांगा: रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचून घ्या. तुम्हाला वाचता येत नसेल तर "पुढे काय झालं?" एवढं विचारा. सांगता आलं नाही तर समजून घ्या की अक्षरं जुळली, अर्थ लागला नाही, आणि तसं बाईंना सांगा. दुसऱ्या मुलाशी तुलना करू नका, आणि मुलासमोर शिक्षकांना नावं ठेवू नका.

एवढं सांगूनही मनातला वाद मिटत नाही. पूर्वी मी म्हणायचे, शिक्षक चांगला असला की घर कसंही असो, मूल शिकतं. ते मत मी पूर्ण सोडलेलं नाही. पण ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मूल हंगामात सहा महिने शाळेत नसतं, तिथे उत्तम शिक्षकाच्या हाती अर्धंच वर्ष येतं. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेला तर दुसऱ्याकडे चार इयत्ता उरतात, आणि कायदाच त्या कामाला परवानगी देतो. यावर पालकाला 'वाचून घ्या' सांगणं पुरेसं नाही हे मला कळतं. तरी सांगते, कारण बदलीचा आदेश आला की त्या मुलाला ओळखणारा शिक्षक जातो आणि नवा माणूस पुन्हा अक्षरतक्त्यापासून सुरू करतो.

निदान एवढं करा. मुलाच्या पातळीची नोंद शाळेच्या कपाटात ठेवता, तशीच तिची दुसरी प्रत घरी द्या. एकच पान: तारीख, काय वाचलं, कोणत्या प्रकारचं गणित चुकलं, पुढे काय घ्यायचं. आईनं ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावं आणि जूनमध्ये नव्या गुरुजींच्या हातात द्यावं. गुरुजींनी ते वाचावं.