हेलसिंकीतून: कौरिस्मॅकी कुठून सुरू करावा

हेलसिंकीत राहायला आले तेव्हा मी एक ताटली, एक वाटी, एक चमचा आणि एक पातेलं विकत घेतलं होतं. दोन घ्यावीत असं सुचलंच नाही. नोव्हेंबर होता, उजेड रोज थोडा थोडा कमी होत होता. डिसेंबरात तर इथे दिवस सहा तासांचाही नसतो.

नंतर कधीतरी आकी कौरिस्मॅकी या फिनिश दिग्दर्शकाचा ‘फॉलन लीव्ज’ (२०२३) हा सिनेमा पाहिला. सुपरमार्केटमध्ये काम करणारी आन्सा एका माणसाला पहिल्यांदाच घरी जेवायला बोलावते आणि त्याआधी दुकानात जाऊन आणखी एक ताटली आणि काटा-सुरी घेऊन येते, कारण घरात एकाचंच सामान आहे. तिच्या मनात काय चाललंय हे कोणी बोलून दाखवत नाही. मला त्या ताटलीनं रडवलं. पुढे तिचं काय होतं ते सांगत नाही, तुम्हीच बघा.

सोलापूरच्या मैत्रिणी विचारतात, युरोपातले वेगळे सिनेमे बघायचेत, यादी पाठव. मी यादी पाठवत नाही. एकच नाव सांगते, फिनलंडचा आकी कौरिस्मॅकी. त्याचे बरेच सिनेमे दीड तासाच्या आत संपतात, गोष्ट सरळ असते आणि माणसं कष्टकरी असतात: ट्रामचालक, वेट्रेस, वेल्डर, चौकीदार. ‘कलात्मक’ शब्दानं दबून जायचं कारण नाही.

त्याची पात्रं ताठ उभी राहून, चेहरा न हलवता, मोजकंच बोलतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, यांना अभिनय येत नाही की काय. फिनिश शिकायला लागल्यावर मला त्यातली गंमत कळली. इथे रस्त्यावर ‘मी आहे’ म्हणताना लोक ‘मॅ ओन’ म्हणतात, पुस्तकात ते ‘मिनॅ ओलेन’ असतं. कौरिस्मॅकीचा दारुडासुद्धा ‘मिनॅ ओलेन’ असं पुस्तकी, स्वच्छ बोलतो. चाळीतला माणूस भांडताना ‘मी आलेलो आहे’ म्हणाला तर कसं वाटेल, तसं. त्यातून त्या गरीब माणसांना एक डौल येतो. आणि माझ्यासारख्या नवशिकीला अख्खी वाक्यं कळतात! भाषेच्या वर्गात न मिळालेला आत्मविश्वास मला या सिनेमांनी दिला.

‘फॉलन लीव्ज’मध्ये आन्साच्या स्वयंपाकघरातला जुनाट रेडिओ सतत युक्रेनच्या युद्धाच्या बातम्या देतो. रशियाची तेराशे किलोमीटरहून लांब सीमा या देशाला लागून आहे. २०२२ मध्ये आमच्या ऑफिसात त्यावर कोणी फार बोलत नव्हतं, पण जेवणाच्या सुट्टीत सगळे फोनकडे बघत बसायचे. ती शांतता या सिनेमात जशीच्या तशी आहे.

तो आवडला तर ‘द मॅन विदाउट अ पास्ट’ (२००२) बघा. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्राँ प्री हे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं आणि काती औतिनेनला अभिनेत्रीचा पुरस्कार. रेल्वेनं हेलसिंकीत उतरलेल्या माणसाला गुंड मारतात, त्याची स्मृती जाते आणि तो बंदराजवळ मालवाहू कंटेनरमध्ये संसार थाटतो. एक जण त्याला विजेची जोडणी करून देतो. पैसे किती, विचारल्यावर म्हणतो, मी कधी गटारात पालथा पडलेलो दिसलो तर मला उताणा कर. मदतीचा हिशोब मी आजवर इतक्या सुंदर रीतीनं मांडलेला पाहिला नाही.

‘द मॅच फॅक्टरी गर्ल’ (१९९०) मात्र सुरुवातीला नको. लाकडाच्या ओंडक्यापासून काडेपेटीपर्यंतची यंत्रं तो आधी शांतपणे दाखवतो, मग एका मुलीचं आयुष्य. फार जड जातो.

माझा सर्वांत लाडका ‘ड्रिफ्टिंग क्लाउड्स’ (१९९६). सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा फिनलंडचा मोठा व्यापार बुडाला, बँका डबघाईला आल्या, भरभराटीतला देश अचानक बेकार झाला. त्या काळातलं हे एक जोडपं आहे. लाउरी ट्राम चालवतो, इलोना रेस्टॉरंटमध्ये मुख्य वेट्रेस. हप्त्यांवर टीव्ही नुकताच आणलेला. ट्रामवाल्यांना नोकरकपातीसाठी पत्ते ओढायला लावतात, हलका पत्ता आला की घरी. लाउरी आपला पत्ता बघतो, बस्स. घरातल्या शेल्फवर एका लहान मुलाचा फोटो आहे. त्यांचं मूल गेलंय, तेही कोणी बोलत नाही. तो फोटो मात्ती पेलोनपॅचा, कौरिस्मॅकीच्या लाडक्या नटाचा, लहानपणचा आहे. तो नट १९९५ मध्ये गेला आणि दिग्दर्शकानं त्याला असा घरात ठेवून घेतला.

गेल्या दिवाळीत सोलापूरला हा सिनेमा लॅपटॉपवर लावला होता. बाबा शेजारी पेपर वाचत होते. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा मी चौथीत होते, आणि त्या दिवसांविषयी ते घरात कधीही काही बोललेले नाहीत. पत्ते ओढायचा प्रसंग आला तसा त्यांनी पेपर खाली ठेवला.

“आमच्याकडं गेटवर यादी लावली होती,” बाबा म्हणाले. “मी तिसरा.”

मग त्यांनी पहिल्या दोघांची नावं सांगितली, दोघं कुठल्या खात्यात होते, कोण कुठं राहायचा. आई आतून बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. मी सिनेमा थांबवला.