आमची वाटचाल: एम३ च्या पुड्या आणि एक फसलेली दिवाळी

बरेच जण विचारतात की नुसते आरसी गाड्यांचे, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांचे, स्क्रू विकून पोट भरतं का. भरतं. मध्ये एकदा भरत नव्हतं, तेच सांगायला बसलोय.

सुरुवात २०१२ ची. मी भोसरीत एका वर्कशॉपला क्वालिटीत होतो, दिवसभर हातात व्हर्नियर आणि थ्रेड गेज, आणि रविवारी मैदानावर गाडी. तिथे दर रविवारी एकच सीन, कोणाचा तरी मागचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, निघालाय आणि चार मोठी माणसं गुडघ्यावर बसून गवतात एम३ चा, म्हणजे तीन एमएम जाडीचा, स्क्रू शोधतायत. एक दशांश स्केलच्या गाडीत शंभराच्या वर स्क्रू असतात, त्यातला एक नेमका हरवला की रविवार संपला. पुण्याच्या बोहरी आळीत एम३ मागितला तर दुकानदार असा बघायचा की जणू घड्याळजीचं दुकान चुकून मी त्याच्याकडे आलोय. मिळाला तरी कुठल्या ग्रेडचा, म्हणजे किती ताकदीचा, ते कळायला मार्ग नाही, कारण एम५ च्या खाली डोक्यावर ग्रेड मारणं सक्तीचंच नाही. समोरचा १२.९, म्हणजे सगळ्यात कडक ग्रेड, म्हणाला की आपण १२.९ समजायचं.

मग मी आणि माझा एक मित्र, तोही त्याच वर्कशॉपला होता, दोघांनी पन्नास-पन्नास हजार घातले. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून खोकी आणायची, घरी येऊन प्रत्येक लॉटमधले दहा तुकडे मोजायचे, आणि गाडीच्या मॉडेलप्रमाणे पुड्या बांधायच्या. वेगवेगळ्या डोक्यांचे बटण हेड, कॅप हेड, काउंटर, बिनडोक्याचा ग्रब, नायलॉक नट, सगळं वेगळं. लेबलं बायको लिहायची, तिचं अक्षर छान आहे आणि तिला एम३ बाय १० आणि एम३ बाय १२ मधला, म्हणजे दोन एमएम लांबीचा, फरक नुसता बोटाला कळतो, आजही. मोजायला एक जुना काटा घेतला होता, शंभर तुकड्यांचं वजन घ्यायचं आणि त्यावरून भराभर मोजायचं. तो काटा अजून चालू आहे. पिढीजात सोन्यासारखा सांभाळलाय.

इथे एक सांगून ठेवतो. जुनी अमेरिकन गाडी घेतली असेल तर त्यात ४-४० चे इंची स्क्रू असू शकतात. तो साधारण २.८४ एमएमचा आणि आटे इंचाला ४०, म्हणजे पिच, दोन आट्यांमधलं अंतर, ०.६३५ एमएम, आणि आपल्या एम३ ची पिच ०.५. जवळजवळ सारखाच दिसतो म्हणून लोक एम३ दाबून बसवतात आणि ॲल्युमिनियमच्या भागातले आटे घालवतात, मग फोन आम्हाला. आणि जपानी गाड्यांच्या फुलीच्या स्क्रूला साधा फिलिप्स लावू नका हो, तिथे जेआयएसचा, म्हणजे जपानी मापाचा, स्क्रूड्रायव्हर लागतो, नाहीतर तो वर चढतो आणि फुलीचं भोक होतं.

असो. पहिली तीन-चार वर्षं धंदा चालला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता डॉक्टर. रत्नागिरीचे एक दातांचे डॉक्टर आमचे पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. हा माणूस मॉन्स्टर ट्रक समुद्राच्या ओल्या वाळूत पळवतो. खारं पाणी, वाळू, आणि आमचा काळा १२.९, आठवड्यात तांबडा. मी म्हणायचो रन झाल्यावर धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा. ते म्हणायचे, "अहो, दाताला कीड लागल्यावर मी पेशंटला तेल लावायला सांगू का?" स्टेनलेस का देत नाही, हा त्यांचा दुसरा प्रश्न. तर ए२-७० स्टेनलेस तुटतं ७०० मेगापास्कलला, १२.९ तुटतं १२०० ला, आणि त्याच्या कितीतरी आधी स्टेनलेसचं सॉकेट, म्हणजे डोक्यातला षटकोनी खड्डा, गोल होतं, मग एल की नुसती गरगर फिरते. चाकाच्या नटाला, बॉडी पोस्टला चालेल. मोटर माउंटला, आर्मच्या पिनला, पिनियनच्या, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरच्या, ग्रबला नाही म्हणजे नाही.

मग डोक्यात आलं की १२.९ लाच झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा थर, करू. गंज नाही, ताकद तीच, दिसायला चकचकीत. भागीदार म्हणाला एकदम मोठा लॉट करू, दिवाळीला किट म्हणून काढू, रेट पण चांगला मिळेल. २०१६ ची दिवाळी. साचवलेलं सगळं त्यात घातलं, वर उधारी. लॉट हातोहात गेला. आम्ही एकमेकांना पेढे दिले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन सुरू झाले. स्क्रूचं डोकं उडालं. कोणाचं शॉक टॉवरचं, कोणाचं मोटरचं. मी सगळ्यांना एकच उत्तर, जास्त आवळलं असेल. असं बोललो ते आज आठवलं तरी कान गरम होतात. त्यात आठ तारखेला नोटबंदी, ज्यांना पैसे परत द्यायचे त्यांना द्यायला हातात नोटा नाहीत, आणि ज्यांच्याकडून यायचे ते बँकेच्या रांगेत.

डॉक्टरांनी फोन केला नाही. त्यांनी औषधाची बाटली पाठवली. आत सात डोकी, प्रत्येक वेगळ्या कागदात, वर तारीख, जागा, आणि किती तासांनी. तीन कागदांवर लिहिलं होतं, "गाडी चालवलेली नाही. रात्री बसवला, कपाटात ठेवला, सकाळी डोकं खाली." त्यांच्याकडे दातातल्या इम्प्लांटचा टॉर्क रेंच असतो, ३०-३५ न्यूटन सेंटीमीटर दाखवणारा, त्याने मोजून आवळले होते. तो टॉर्क एम३ च्या १२.९ ला म्हणजे गुदगुल्या, स्टीलमध्ये तो दोन न्यूटन मीटरच्या, म्हणजे दोनशे न्यूटन सेंटीमीटरच्या, आसपास घेतो. म्हणजे जास्त आवळल्याची माझी थिअरी तिथेच मेली.

कपाटात ठेवलेला स्क्रू आपोआप तुटतो म्हटल्यावर मला जुना धडा आठवला. प्लेटिंगच्या आधी माल ॲसिडमध्ये बुडवतात, तिथे आणि पुढे प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो. मऊ मालाला फरक पडत नाही, पण १२.९ इतकं कडक स्टील ताणात ठेवलं की आतल्या आत भेग वाढत जाते आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, डोकं टक् करून उडतं. त्यावर उपाय सगळ्यांना माहीत आहे, प्लेटिंग झाल्यावर लगेच, चारेक तासांच्या आत, २०० डिग्रीच्या आसपास कित्येक तास भट्टीत ठेवायचं. प्लेटिंगवाल्याने ठेवलंच नव्हतं. मी गेलो तर म्हणतो, "चलनावर बेकिंग लिहिलंय का?" लिहिलं नव्हतं. दहा वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाने लिहिलं नव्हतं. पण १२.९ चा माल हातात घेतल्यावर विचारायची रीत असते, ती त्याने पाळली नाही, आणि वर बिल पूर्ण घेतलं. ते अजून सलतं.

भागीदाराचं म्हणणं, गप्प बसू, जो ओरडेल त्याला बदलून देऊ. मी म्हटलं सगळा लॉट परत. तीन दिवस भांडलो. चौथ्या दिवशी तो हिशोब मागायला आला, आणि संक्रांतीपर्यंत त्याची स्वतःची पुडी बाजारात. स्टेनलेस, निम्म्या किमतीत, आणि गिऱ्हाइकांना तोंडी सांगायचा, "त्यांच्या स्क्रूची डोकी उडतात, माझी नाही." खरंच आहे, त्याची डोकी उडत नाहीत, त्याच्या सॉकेटचं भोक गोल होतं. लॉट काढायची कल्पना कोणाची होती ते मात्र तो कुणाला सांगत नाही. लोक अजून मला विचारतात, डोकीवाले तुम्हीच ना?

परत आलेला माल भंगारात किलोवर गेला. बायकोच्या बांगड्या बँकेत गेल्या, त्या दोन वर्षांनी सुटल्या. मधल्या काळात झिंक फ्लेक कोटिंगही करून बघितलं, त्यात ॲसिडची किंवा प्लेटिंगची टाकी नाही म्हणून हायड्रोजनची भानगड नाही, पण एम३ बटण हेडच्या दोन एमएमच्या सॉकेटमध्ये कोट साचतो आणि की आतच जात नाही. शेवटी पुन्हा काळा १२.९, आणि प्रत्येक किटमध्ये तेलाची छोटी कुपी. डॉक्टर कुरकुरत वापरतात.

आता कोणताही नवा लॉट आला की बारा स्क्रू एका जाड स्टीलच्या पट्टीत पूर्ण ताकदीने आवळतो आणि दोन दिवस टेबलावर ठेवतो, मध्ये एकदा परत आवळतो. पट्टी बायकोच्या शिवणाच्या मशीनशेजारी असते. रात्री काही टक् वाजलं तर ती आधी उठते.

बाकी नेहमीचं. प्लास्टिकमध्ये परत स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात खाली बसल्याचं बोटाला कळेल, मग सुलटा. लॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद, फक्त धातूत धातू असेल तिथे, निळा, थेंबभर. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला लागला तर चिरा जातात. मोटरला लांब स्क्रू लावू नका, आत वाइंडिंगला टेकला की मोटर गेली, आणि ती आम्ही बदलून देत नाही. एल की चं टोक गोल झालं तर तेवढं घासून टाका, पण झिजल्या कीने माझ्या स्क्रूवर जोर काढून मला फोटो पाठवू नका. आणि ऑर्डर देताना गाडीचा मॉडेल नंबर लिहा, मागच्या आठवड्यात एकाने नुसतं "मोठी निळी गाडी" लिहून पैसे भरले होते, त्यांनी कृपया फोन करावा.