शीर्काळीचे तिघे आणि आदितालाची मोजणी
बेळगाव-खानापूरकडचा कान ख्यालावर पोसलेला. कर्नाटक संगीत म्हटलं की आपण थेट त्यागराजांपासून, म्हणजे त्यातल्या सर्वांत नावाजलेल्या रचनाकारापासून, सुरुवात धरतो. पण पल्लवी (धृपद), अनुपल्लवी (त्याला जोडून येणारा दुसरा भाग), चरणम् (कडवं) हा कृतीचा, म्हणजे तिथल्या बांधीव रचनेचा, साचा त्याआधीच मुत्तु तांडवरांनी तमिळमध्ये रुळवला. पुढे अरुणाचल कवी (१७११-७९) आणि मारिमुत्तु पिळ्ळै (१७१२-८७) आले; तमिळनाडूतल्या शीर्काळीचे तिघे म्हणतात ते हेच. मुत्तु तांडवरांच्या मूळ चाली बहुतेक हरवल्या. आज ऐकू येतात त्या नंतर बसवलेल्या.

अशा रचना ऐकताना आदिताल या नेहमीच्या कर्नाटक तालाच्या आठ मात्रा हातावर मोजा: टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं, पुढे टाळी आणि उताणा हात ही जोडी दोनदा. उताणा हात म्हणजे त्रितालातली खाली (टाळी न देता दाखवायची मात्रा) नव्हे, तिथेच आपण फसतो. शिवाय ओळ बऱ्याचदा समेनंतर (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा) अर्ध्या किंवा दीड मात्रेने उचलतात. त्या उचलीलाच सम समजलं की सगळी मोजणी सरकते.