पहिल्या पावसाचं पाणी

मी गाइड आहे. निवृत्त मंडळींचा ग्रुप असला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांचा माझा रस्ता ठरलेला असतो. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, सगळ्यात आधी, कारण थोड्या वेळात तिथे आवाज घुमतो का ते बघायला ओरडणारे लोक येतात. मग अकरा नंबर, आणि ऊन चढायच्या आत कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर. लेण्यांच्या नंबरांच्या नादी लागलं तर एकच चढ दोनदा चढावा लागतो. सॅक पाठीवर नाही, पोटावर. वेफर्सचं पाकीट दिसलं की माकडं अंगावर येतात आणि मग लोक मला विचारतात, 'मॅडम, हे चावतात का?' शेपटाला कोण चालणार हे मी बसमधून उतरतानाच ठरवते. पुढे कुणीही चालो, शेवटचा माणूस भरवशाचा लागतो.

मे अखेरचा रविवार होता. ग्रुप एका ज्येष्ठ नागरिक संघाचा. उत्साही माणसं, पण सकाळपासून तोंडं चालू. वनखात्याचं तिकीट गेटवर काढलं, आता पुरातत्त्व खात्याचं वेगळं का, यावर बसमध्येच परिसंवाद झाला. सहाएक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर पिवळाधमक बहावा फुलला होता, तो कुणी बघितला असेल तर शपथ.

त्यांच्यात एक काका होते. पॅन्ट घोट्याच्या वर दुमडलेली, हातात छत्री, आणि नजर सतत कुठेतरी भलतीकडेच. चैत्यगृहाच्या व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या वीसेक फुटी उभ्या मूर्ती आहेत. तिथे भल्याभल्यांची बोलती बंद होते. मी सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातल्या शिलालेखाबद्दल सांगत होते आणि हे काका मूर्तीकडे पाठ करून अंगणातल्या फरशीचा उतार बघत होते. अकरा नंबरमध्ये, त्या लांबच लांब दगडी बाकांच्या दालनातही तेच. बाहेर येऊन दर्शनी भागावरचा कातळ न्याहाळत उभे.

मी हा प्रकार ओळखते. बायकोने ओढून आणलेला नवरा. अशांना सावलीत बसवायचं आणि परतताना उचलायचं. पण मी 'काका, दमलात का?' विचारलं तर म्हणाले, "नाही मॅडम. पाणी कुठनं येतं ते बघतोय."

वर चढताना कळलं की ते महापालिकेच्या जलखात्यात चावीवाला होते. चाळीत किंवा जुन्या वस्तीत राहिलेल्यांना हा माणूस माहीत असतो. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढ्या उंचीची टी-आकाराची चावी खाली घालायची, मोजून आटे फिरवायचे आणि त्या गल्लीचं पाणी सोडायचं. वेळ चुकली की शिव्या. नोकरीभर पहाटेच्या पाळ्या केल्या, असं म्हणाले. मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते विहार तलावातून, १८६० साली. तुळशी १८७९चा. दोन्ही तलाव याच डोंगररांगेत. हे मी नेहमी ऐटीत सांगते. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हां. पण हे त्याच्या आधीचं."

पाणी हा माझाही आवडता भाग आहे. कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी, आणि बहुतेक राहत्या लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेलं स्वतःचं टाकं. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचा लेख आहे. व्यापाऱ्यांनी लेणं दिलं तर बरोबर पाण्याची सोयही दिली. वरच्या कातळावर बोटभर-चारबोटं रुंदीच्या पन्हळी कोरल्यात, त्या उताराचं पाणी गोळा करून टाक्याच्या तोंडाशी आणतात. तोंड चौकोनी, कडेला आत खोबण, म्हणजे वर झाकण बसत असणार. दरसाल दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या डोंगरावर आठ महिने एक थेंब नाही, आणि तिथे पहिल्या शतकाच्या आगेमागेपासून हजारेक वर्षं वस्ती टिकली ती या टाक्यांवर. मे महिन्यातही काहींत पाणी असतं. हे सगळं सोडून आमच्यातले काही गाइड 'हे भुयार थेट नाशिकला निघतं' असं सांगतात आणि टिप घेऊन जातात. त्यांना टिप मिळते याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तर मी टाक्यापाशी उभी राहून नेहमीचं बोलले. दोन हजार वर्षांपूर्वीचं जलसंधारण, आज आपल्या सोसायट्यांना नोटिसा काढून सांगावं लागतं वगैरे. या वाक्याला टाळ्या हमखास. त्याही दिवशी पडल्या. काकांनी नाही वाजवली.

"पहिल्या पावसाचं पाणी कुठं सोडत होते?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी छत्रीच्या टोकाने वरचा कातळ दाखवला. आठ महिन्यांची धूळ, पालापाचोळा, माकडांची घाण, पाखरांची शीट. पहिली सर आली की हे सगळं पन्हळीतून टाक्यात. "आमच्या गावाला पागोळीखाली हंडा ठेवायचा तर कौलं धुऊन निघाल्यावर ठेवायचा. मुंबईतसुद्धा पाणी सुटलं की पहिलं गढूळ येतं, बाया ते भरत नाहीत. एवढं डोकं लावून खोदणारा माणूस पहिलं पाणी आत घेईल?"

माझ्या वहीत, माझ्या प्रशिक्षणात, कुणाच्याही व्याख्यानात हा प्रश्न मी ऐकलेला नव्हता.

त्यानंतर वॉक माझा राहिला नाही. पुढची लेणी आम्ही मूर्तींच्या क्रमाने नाही, पन्हळींच्या क्रमाने बघितली. काका पुढे, मी मागे, आणि माझ्यामागे कुरकुरणारा संघ. एक्केचाळीस नंबरचा अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व सगळ्यांनी दोन मिनिटांत उरकला. नव्वद नंबरमधले पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख हा माझा हुकमी एक्का. १००९ आणि १०२१ साली इथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावं कोरून ठेवलीत. काका म्हणाले, "म्हणजे तेव्हा इथं प्यायला पाणी होतं." आणि बाहेर गेले.

मग एका लेण्यापाशी थांबले. नंबर मी लिहीत नाही, लोक जाऊन बाटल्या ओततील. पन्हळ टाक्याच्या तोंडापासून हातभर अलीकडे आली की तिच्या बाहेरच्या काठाला एक खाच आहे. अंगठा बसेल एवढी. मी तिथून कितीदा गेले असेन, कधी दिसली नव्हती. काकांनी आपली पाण्याची बाटली काढली, वाकून पन्हळीच्या वरच्या अंगाला बारीक धार सोडली. पाणी आधी पुढे सरकेचना. धुळीच्या गोळ्या पुढे ढकलत, वाळक्या शेवाळात मुरत, अडत अडत खाली आलं. एक वाळकं पान त्याने उचललं, फिरवलं, आडवं केलं. खाचेपाशी धार थबकली, फुगली, आणि पान घेऊन खाचेतून बाहेर उतारावर पडली. टाक्यात एक थेंब गेला नाही.

काकांनी चिमूटभर माती भिजवली, खाच लिंपली आणि उरलेलं पाणी ओतलं. ते सरळ टाक्यात गेलं.

कुरकुर थांबली. कुणीतरी "वा" म्हणालं. तेवढ्यात खालून पहारेकऱ्याची शिट्टी. त्याच्या दृष्टीने आम्ही संरक्षित स्मारकावर चिखल लिंपत होतो, आणि ते खोटंही नव्हतं. काकांनी माती काढून खाच रुमालाने पुसून दिली. पहारेकऱ्याला शिट्टी मारण्यापलीकडे काही विचारायचं नव्हतं. त्याच वेळी वरच्या टप्प्यावर एक पोरगा स्तूपावर चढून रील काढत होता, त्याच्यासाठी शिट्टी वाजली नाही.

घरी येऊन मी फोटो काढून बसले. पुरातत्त्वात काम करणाऱ्या मैत्रिणीला दाखवले. ती म्हणाली, लेण्यांपुढे लाकडी मांडव घालत, त्यांच्या खांबांसाठी कातळात अशा खाचा-भोकं सगळीकडे आहेत. किंवा दगडाचा टवका उडालाय. एका खाचेवरून सिद्धान्त मांडू नकोस. तिचं बरोबर आहे. आमच्या धंद्यात एका खाचेवरून सिद्धान्त मांडणारेच भुयारं नाशिकला नेतात. मी काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "पन्हळीच्या काठावर खांब कोण रोवेल, मॅडम?" यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी दर वॉकला काठ तपासते. काही पन्हळींना तसं काही दिसतं, बहुतेकींना नाही. जिथे दिसतं तिथे कातळ इतका झिजलाय की छिन्नीचा घाव कुठला आणि पावसाचा कुठला, ते माझ्या डोळ्याला कळत नाही. शिवाय काकांनी आणखी एक गोष्ट डोक्यात सोडली आहे. खाच असेल तर ती बंद करायला माणूस हवा. पहिल्या सरीला धावत वर जायचं, पाणी निवळ येतंय का बघायचं, आणि मग गोळा लावायचा. वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, आलेल्या भिक्षूंपैकी कुणाची तरी ती पाळी असणार. उत्खननात असा माणूस सापडत नाही.

खरा पाऊस बघायचा ठरवलं. काकाही यायला तयार होते, छत्री घेऊन. यंदा पहिली जोरदार सर सोमवारी आली. सोमवारी उद्यान बंद. मंगळवारी मी एकटी गेले, तोवर कातळ धुऊन निघालेला. पन्हळ काठोकाठ भरून दोन्ही अंगांनी वाहत होती, आणि एवढ्या पाण्यात खाचेतून काय जातंय आणि काठावरून काय, ते सांगता येईना. पाऊस रिमझिम झाल्यावर धार पुन्हा खाचेतून पडू लागली. हेतूने कोरलेली खाच असती तर असंच झालं असतं. नुसता टवका उडालेला असता तरी असंच झालं असतं.

मी काकांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "पुढच्या वर्षी रविवारी पडू दे. आणि टाकं गाळ काढायला उपसत कधी होते, ते विचारा कुणालातरी."