खाली सगळं मिळतं

जुळे सोलापुरातला, म्हणजे शहराच्या नव्या वस्तीतला, फ्लॅट भाड्यानं देऊन आम्ही गावात, म्हणजे सोलापूरच्या जुन्या पेठेत, राहायला आलो तेव्हा निम्म्या नातेवाईकांना वाटलं की आमचं काहीतरी बिनसलंय, कर्ज झालं असेल नाहीतर भावाभावात वाजलं असेल. कारण सोलापुरात माणूस पेठेतून बाहेर जातो, बाहेरून पेठेत कुणी येत नाही. पेठेतला हिस्सा विकायचा, विजापूर रोडला नाहीतर होटगी रोडला प्लॉट घ्यायचा, दारात कार लावायची आणि मग रविवारी "जरा गावात जाऊन येतो" म्हणत नव्या पेठेत खरेदीला यायचं, ही रीत. आमचं कारण अगदी साधं होतं. माझं ऑफिस नव्या पेठेत, बायकोची शाळा बाळीवेशीच्या अलीकडं, पोरीचे क्लास पण तिथंच आणि रोज तिघांच्या तीन वेगवेगळ्या चकरा, त्यात मे महिन्यात दुपारी दोन वाजता हेल्मेट घालून येणं म्हणजे काय असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. मग उत्तर कसब्यात, दत्त चौकापासून जरा आत, एका जुन्या वाड्याचा वरचा मजला मिळाला आणि आम्ही आलो.

सामान लावताना पहिला प्रश्न फ्रीजचा आला. आमचा फ्रीज मोठा, दोन दाराचा, आणि वाड्याचा जिना असा की खाली उतरताना अजूनही मी डोकं वाकवतो. फ्रीज काही वर चढला नाही, तो मेव्हण्याकडं गेला, कार पण मेव्हण्याकडंच गेली कारण गल्लीत ती शिरते पण वळत नाही. (मेव्हणा जुळे सोलापुरात राहतो, त्याला या सगळ्या प्रकरणात फायदाच झाला, पण बोलतो असं की जणू आम्हाला सांभाळतोय.) आम्ही एक छोटा फ्रीज घेतला, हॉस्टेलवर असतो तसला, आणि बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं की ह्यात महिन्याचं काय मावणार.

मावलं नाही, आणि लागलं पण नाही, हीच तर गंमत. जुळे सोलापुरात आमची महिन्याची यादी असायची. तेल पंधरा किलोचा डबा, साबण डझनानं, बिस्किटं, शेंगदाणे, साखर, सगळं एकदम आणून कपाटात रचायचं, कारण संपलं तर परत गाडी काढा. इथं आल्यावर यादी कधी बंद पडली ते कळलंच नाही. खाली उतरलं की किराणा दुकान, त्याला लागून पिठाची गिरणी, पुढं इस्त्रीवाला, त्याच्या पलीकडं पिको-फॉलवाल्या काकू, मग झेरॉक्स, मग दूध. कपडा पाहिजे तर चाटी गल्ली, पूजेचं पाहिजे तर मधला मारुती, भाजी पाहिजे तर लक्ष्मी मंडई, आणि मंडईत रात्री जरा उशिरा गेलं की भाव आपोआप खाली येतो, घासाघीस करायची पण गरज नाही, बाईच म्हणते "घ्या की ओ मालक, उगं किती उभारता." आता आमच्या घरात वरण फोडणीला टाकल्यावर लक्षात येतं की लिंबू नाही, आणि मी खाली जाऊन एक लिंबू घेऊन येतो. एक. दोन पण नाही. किराणावाला अप्पा कानडी घरातला, माझ्याशी मराठीत बोलतो, गिऱ्हाईकांतल्या निम्म्यांशी कानडीत, पूर्व भागातून माल द्यायला येणाऱ्या पोराशी तेलुगूत आणि हिशेब मात्र स्वतःशी पुटपुटत कानडीतच करतो. सुरुवातीला मी त्याला पाव किलो साखर मागितली तर त्यानं वर बघून विचारलं, "पावणं हायत का घरात?" म्हणजे त्याच्या मते पाव किलो ही जास्तीची खरेदी झाली.

विचार केला तर अप्पाचं दुकान म्हणजे आमचंच कपाट, फक्त भाडं तो भरतो आणि झुरळं त्याच्याकडं होतात. एक्सपायरी डेट बघायची भानगड नाही, वस्तू संपते कारण ती आणलीच एवढीशी होती. बायको म्हणते खर्च वाढलाय, सुटं घेतलं की महाग पडतं, ते खरं असेल, पण जुन्या फ्लॅटमध्ये दर दिवाळीला कपाट आवरताना जे काय बाहेर निघायचं, दगड झालेला गूळ, पोरकिडे झालेला रवा, उघडलंच नाही असं सूपचं पाकीट, ते पण मी हिशेबात धरतो.

पण एक गोष्ट खाली मिळत नाही. पाणी.

पाणी तीन दिवसांनी येतं, कधी चार, कधी पाच. जुळे सोलापुरात पण हेच होतं म्हणा, पण तिथं बिल्डिंगला खाली मोठी टाकी, बोअर, नडलं तर टँकर, त्यामुळं नळ सोडला की पाणी, ते कुठून आलं आणि कवा आलं याच्याशी आपला संबंध नाही, मेंटेनन्स भरला की विषय संपला. इथं पाणी आलं की अख्खी गल्ली उठते. कधी पहाटे, कधी रात्री अकराला, आणि कुणाच्या तरी मोटारीचा आवाज आला की सगळ्या खिडक्यांतून एकच वाक्य, "आलं काय?" मग हौद, मग टाकी, मग बॅरल, मग हंडे, बादल्या, पातेली, शेवटी पोरीची वॉटर बॅग. तुमचं भरेपर्यंत शेजारच्यानं मोटार लावली की तुमची धार बारीक होते, म्हणून कुणी आधी लावायची याचे अलिखित नियम आहेत, ते मला कुणी सांगितले नाहीत, पण मोडल्यावर बरोब्बर कळले असते म्हणून मी गुपचूप बघून शिकलो. आमच्या घरात आता बाथरूमबाहेर निळे बॅरल उभे आहेत, स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचं पिंप, गॅलरीत अजून एक बॅरल ज्याच्यावर बायकोनं तुळस ठेवलीय म्हणजे ते बॅरल वाटू नये म्हणून. म्हणजे जी जागा साखर-तेल-साबणातून सुटली ती सगळी पाण्यानं घेतली. लिंबू एक आणि पाणी हजार लिटर, असं आमचं घर.

आणि हे पाणी येतंय कुठून, तर उजनीवरून. टेंभुर्णीजवळचं ते धरण, पूर्ण भरलं की ११७ टीएमसी, आणि तिथून शंभरएक किलोमीटर पाइपातून सोलापुरात. त्याशिवाय भीमेत सोडलेलं टाकळीला उचलतात, हिप्परग्याचा इंग्रजांच्या काळातला तलाव आहेच. पेपरात उजनीची टक्केवारी रोज छापून येते आणि सोलापूरकर ती शेअर बाजारासारखी वाचतो. मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा साठाच उरला, की चहाच्या टपरीवर चेहरे उतरतात. मी आधी ती बातमी बघत पण नव्हतो.

खाली राहणाऱ्या घरमालकीण आजींना आमचं हे लिंबू प्रकरण अजिबात पटलेलं नाही. त्या ऐंशीच्या पुढं आहेत, आणि मी दिवसातून कितीवेळा जिना उतरतो हे त्यांना उंबऱ्यात बसून तोंडपाठ झालंय. एकदा म्हणाल्या, "तुमी काय पाखरं हाव का बे, रोजचे दाणे रोज टिपायला?" सोलापुरात 'बे' लहान-थोर कुणालाही लागू होतं, त्यात अपमान नसतो, उलट लागलं म्हणजे तुम्ही घरातले झालात. मग त्यांनी मला आतली खोली दाखवली. भिंतीतच बांधलेलं बळद, धान्य ठेवायचं, वरून ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. आता त्यात जुनी भांडी आहेत. मागच्या अंगणात फरशीखाली धान्य ठेवायचा खड्डा, पेव, होतं म्हणे, ते बुजवलं, आड होता तो पण बुजवला, आणि आडाच्या जागेवर आता आमची पाण्याची मोटार बसवलीय, याच्यावर काय बोलावं. आजी मात्र अजूनही वर्षाची ज्वारी एकदम भरतात. मंगळवेढ्याचीच लागते, मालदांडी. कडुलिंबाचा पाला घालून डब्यात, आणि रोज दोन्ही वेळची भाकरी त्याचीच.

त्यांच्या सासूबाई सांगायच्या म्हणे, १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा रस्त्यावर मिलिटरी, दुकानं बंद, बाप्ये माणसं घराबाहेर पडायला घाबरायची, आणि तेव्हा या घरानं बळदातल्या ज्वारीवर आणि आडातल्या पाण्यावर दिवस काढले. त्याच मार्शल लॉमधून पुढं मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली, चार पुतळ्यांपाशी मी रोज सिग्नलला थांबतो पण आजींनी सांगितल्यापासून ते पुतळे माझ्या डोक्यात दुकानं बंद असलेल्या गावात उभे असतात. आजींना त्यातून एवढंच सांगायचं होतं की अप्पाचं शटर कधीतरी खाली येऊ शकतं. मी म्हणलं आजी आता ऑनलाइन येतं. त्या म्हणाल्या, "येतंय की. त्या जिन्यात डोकं आपटून घेतंय ते पोरगं, बघते की मी."

आजींचं ऐकून मला वाटायला लागलं की हे गाव मुळात साठवणाऱ्यांचंच आहे. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला पण कवा पडेल भरवसा नाही, तर माणूस साठवणारच. आपल्या नावाजलेल्या खाण्याकडं बघा. कडक भाकरी, पापडासारखी पातळ, आठवडेच्या आठवडे टिकते. शेंगाची चटणी, ती पण टिकते. पुण्याचा पाहुणा येतो तेव्हा आपण मोठ्या कौतुकानं हेच बांधून देतो, आणि ते आहे काय तर दुष्काळात उपाशी राहू नये म्हणून केलेली सोय. आणि ज्यांना आपण ग्रामदैवत मानतो त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात काय केलं तर लोकांना कामाला लावून तळं खोदलं. म्हणजे या गावाचा देवच पाणी साठवणारा. मी बॅरल भरताना हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग तू पण आधी तो हंडा उचल.

तर मी दोन्हीकडून आहे. अप्पाच्या भरवशावर रोज एक लिंबू आणणारा पण मीच, आणि पाणी आलं की झोपेतून उठून पातेल्यासुद्धा भरून ठेवणारा पण मीच. पेठेत राहणं मला आवडायला लागलंय त्याचं कारण काय ते नेमकं हेच असावं, इथं कशावर भरवसा ठेवायचा आणि कशावर नाही हे रोजच्या रोज समोर दिसतं. बाकी त्रास आहेत. गाडी लावायला जागा नाही, लग्नसराईत डीजेनं भांडी हलतात, वर गच्चीवर उन्हाळ्यात झोपावं तर शेजारची आठ घरं तुमचं घोरणं ऐकतात. पोरीला मैत्रिणी बोलवायला सुरुवातीला लाज वाटायची, आता मैत्रिणीच इथून हलत नाहीत कारण क्लास सुटला की सगळं इथंच.

आणि मग गड्डा आला, म्हणजे सिद्धेश्वराची, त्याच सिद्धरामेश्वरांची, यात्रा. यात्रेचे सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, हिरेहब्बू वाड्यापासून निघतात आणि तो वाडा आमच्या हाकेच्या अंतरावर, त्यामुळं जानेवारीत आमची गॅलरी अचानक फार मोठी प्रॉपर्टी झाली. ज्या नातेवाईकांना आमचं कर्ज झालंय असं वाटलं होतं ते सगळे सहकुटुंब आले. तेरा तारखेला ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाची मिरवणूक, चौदाला संमती कट्ट्यावर यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, दोन्ही दिवस घरात पाय ठेवायला जागा नाही. खाली पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, ते उंचच्या उंच नंदीध्वज एकट्या माणसाच्या कमरेवर, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" झालं की भिंतीतून घुमतं, मी सोलापुरात जन्मलो पण हे एवढ्या जवळून, वरून, पहिल्यांदाच बघत होतो. चादरी पुरल्या, कारण सोलापूरच्या घरात चादरींचा तुटवडा कधी पडत नाही, लग्नात आलेल्या पण अजून पेटीत आहेत. बाकी सगळं संपलं. आमच्या घरात होतंच काय संपायला. चहा संपला, साखर संपली, दूध संपलं. रस्ता गर्दीनं बंद, मी खाली उतरू शकत नाही, तर अप्पानं गॅलरीखालून हाक मारली, "काय लागलालंय ओ?" आणि बायकोनं वरून दोरीला पिशवी बांधून सोडली, त्यानं तिच्यात साखर, चहा पावडर, दुधाच्या पिशव्या घातल्या आणि पैसे नंतर म्हणून हात केला. पोहे मात्र आजींच्या डब्यातून आले, आणि ते वर पाठवताना त्या जे बोलल्या ते सगळ्या पाव्हण्यांनी ऐकलं.

पाणी येऊन तीन दिवस झाले होते आणि घरात वीसेक माणसं. दुपारपर्यंत गॅलरीतलं तुळशीखालचं बॅरलसुद्धा खडखडीत. रात्री निघताना मेव्हणा फार खूश होता, म्हणाला पुढच्या वर्षी पण गॅलरी आपलीच, आत्ताच बुक करून ठेवतो. म्हणलं ये की, आपलंच घर आहे, फक्त येताना आमचीच कार काढ आणि डिकीत पाण्याचे दोन जार टाकून आण.