दोनशे बारा वायरी : आमची वाटचाल

आमच्या वाद्यांच्या दुकानाच्या पाटीवर 'स्थापना १९८६' असं लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. त्या साली आमच्या आप्पांनी कोल्हापूरच्या शाहूपुरीत गाळा भाड्यानं घेतला आणि पेंटरला बोलावून पाटी रंगवून घेतली. काम त्याआधी दहाएक वर्षं घरच्या माडीवर चालूच होतं. भजनी मंडळांच्या पेट्या यायच्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाची पट्टी अडकलेली, कुणाचा एखादा सूर मुका झालेला. कागल, गारगोटीकडनं लोक एसटीच्या टपावर पेटी टाकून आणायचे आणि 'एकादशीच्या आधी पायजे हं आप्पा' म्हणून चहा पिऊन जायचे.

पेटीचा पितळी सूर, म्हणजे आतली पातळ जीभ, टोकाकडे घासला की आवाज चढतो, बुडाकडे घासला की उतरतो. गणित एवढंच, पण कानस एकदा जास्त फिरली की तो सूर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. घासताना पितळ गरम होतं, गार झाल्यावर सूर थोडा सरकतो. म्हणून आप्पा सूर लावलेली पेटी त्याच दिवशी कधीच द्यायचे नाहीत. रात्रभर ठेवायची, सकाळी खर्ज, नर, मादी तिन्ही ओळी पुन्हा वाजवायच्या, मग गिऱ्हाइकाला निरोप. मला लहानपणी वाटायचं, हे उगीच ताणतात.

ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गायले आणि जिथं गोविंदराव टेंब्यांची पेटी लोकांनी ऐकली, तिथं बेसूर पेटी खपत नाही असं आप्पा म्हणायचे. खपते हो. पण परत येते, आणि येताना चार माणसांना सांगून येते.

मी दुकानात बसायला लागलो १९९७ ला. तेव्हा कीबोर्डची लाट होती. आमच्याकडे कीबोर्ड म्हणजे 'कॅसिओ'. लोक येऊन सरळ म्हणायचे, 'यामाहाचा कॅसिओ दाखवा की.' अजूनही म्हणतात. ह्या एका शब्दानं आम्हाला दुरुस्तीचं भरपूर काम दिलं, कारण दोन्ही एकच समजून लोक ॲडाप्टरही एकमेकांचे लावायचे. जुन्या कॅसिओला ९ व्होल्ट लागायचे आणि पिनेच्या मधल्या भागात ऋण. यामाहाला १२ व्होल्ट आणि मध्ये धन. पिन दिसायला सारखीच. लावलं की कधी नुसता मुका, कधी धूर. आमच्या काउंटरखाली जळक्या ॲडाप्टरचा एक डबा आहे, नवीन पोराला कामावर घेतलं की आधी तो डबा दाखवतो.

'कुठली कंपनी चांगली?' हे दिवसातनं दहा वेळा विचारलं जातं. त्याचं उत्तर मला जाहिरातीत सापडलं नाही, स्क्रू काढल्यावर सापडलं. कीबोर्डच्या पट्टीखाली रबराची पट्टी असते, तिला कार्बनचे ठिपके. प्रत्येक सुराला दोन-दोन ठिपके असतात. आधी एक टेकतो, मग दुसरा, आणि मधल्या वेळावरनं आतलं सर्किट ठरवतं की बोट जोरात पडलं की हळू. धुळीनं एक ठिपका नीट टेकेना झाला की तो सूर एकतर वाजतच नाही, नाहीतर एकदम बोंबलतो. स्पिरिटनं पुसलं की बहुतेक वेळा काम होतं. (पेन्सिलचं शिसं घासायची युक्ती काही जण सांगतात. महिनाभर चालते, मग आमच्याकडेच येतात.) पुसून भागलं नाही तर रबराची पट्टी बदलायची. यामाहाच्या पीएसआर कीबोर्डला मॉडेल नंबर सांगून मागवलेली पट्टी खटकन बसते, आजवर एकदाही कातरीनं कापून बसवावी लागली नाही. उलट एकदा एका नाव नसलेल्या स्वस्त कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच खोक्यातले दोन कीबोर्ड शेजारी ठेवून उघडले. आत दोन वेगळे बोर्ड. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लागेना. त्या दिवसापासून ठरवलं, जी वस्तू आम्हाला पुन्हा तशीच मिळणार नाही आणि दुरुस्त करता येणार नाही, ती विकायची नाही. धंदा कमी झाला. आप्पा काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना पटलं होतं.

यामाहाची सुरुवातही दुरुस्तीतनंच झाली हे मला पुष्कळ उशिरा कळलं. १८८७ साली जपानच्या हामामात्सू गावातल्या शाळेचा रीड ऑर्गन बिघडला, तो तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिरानं दुरुस्त केला. रीड ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचीच थोरली बहीण. मग त्यानं स्वतः एक बनवला आणि तो खांद्यावर काठीला बांधून हाकोनेचा डोंगर ओलांडत टोकियोला तपासायला नेला. तिथं सांगितलं, सूर बरोबर नाहीत. गडी तिथंच राहून संगीत शिकला आणि दुसरा बनवला. कंपनीच्या चिन्हात आज तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'मग पयल्यांदाच रात्रभर ठेवून बघायला पायजे होता.'

गणपतीच्या आधीचे दोन महिने आमच्याकडे ऑक्टोपॅडचे असतात. रोलंडनं पॅड-८ काढला १९८५ ला, पण आमच्या भागात ऑर्केस्ट्रा आणि मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजोवाल्यांनी खरा हात बसवला तो पुढच्या एसपीडी मॉडेलवर. आठ रबरी चौकोन, त्यावर रोज रात्री चार-चार तास काठ्या. बेंजोच्या गाडीवर ते यंत्र उन्हात तापतं, गुलाल खातं, पावसात भिजतं. तेवढं सोसूनही आत येतं ते बहुतेक वेळा एखाद्या पॅडच्या सेन्सरसाठी किंवा मागच्या जॅकसाठी. निपाणीचे एक बेंजोवाले मामा आहेत, त्यांचं मशीन मी तीनदा उघडलंय. नवीन घ्या म्हटलं तर म्हणतात, 'भावा, हात ह्याच्यावर बसलाय. नवीन घेतलं तर आधी माझा हात बदलावा लागंल.' वाजवणाऱ्याचा कंपनीवर विश्वास म्हणतात तो असा असतो. आज जिथं काठी पडली की जो आवाज आला, तो उद्याही तिथंच यायला पाहिजे.

माइकच्या बाबतीत फसवणूक जास्त. शुअरचा एसएम-५८ हा १९६६ पासून जवळपास त्याच रूपात बनतोय, त्यामुळं त्याची नक्कल करणाऱ्यांचं फावतं. एका कीर्तनकार महाराजांनी बाहेरगावच्या एका दुकानातनं निम्म्या किमतीत आणला होता. खोकं तसंच, जाळी तशीच, अक्षरंसुद्धा तशीच. मी किराणा दुकानातनं वजनकाटा मागवला. खरा भरतो २९८ ग्रॅम, हा बराच हलका. मग मुठीचा भाग फिरवून उघडला. खऱ्याच्या मुठीत ट्रान्सफॉर्मर असतो, ह्याच्यात दोन वायरी आणि पोकळी. महाराज बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, 'बाहेरनं टिळा, आत काहीच नाही.' पैसे त्यांना परत मिळाले नाहीत.

पण प्रत्येकाला एसएम-५८ घ्या असंही आम्ही सांगत नाही. देवळातल्या आरतीला, शाळेच्या झेंडावंदनाला आहुजाचा माइक आणि आहुजाचं मशीन पुरेसं आहे. १९४० पासूनची दिल्लीची कंपनी, आणि तिच्या भोंग्याचा पडदा फाटला तर तो कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. वर्षातनं वीस वेळा लागणाऱ्या वस्तूला एवढी सोय महत्त्वाची. तसंच गिटारचं. पोराला शिकायचं म्हणून आलेल्या आईबापांना आम्ही यामाहाची एफ-३१० दाखवतो. लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली असते, त्यामुळं आपल्या जुलैच्या दमट हवेत महागड्या अखंड लाकडाइतकी फुगत नाही. तीन महिन्यांनी पोरानं कोपऱ्यात ठेवली तरी विकताना बरी किंमत येते. हे बोललं की काही आयांना राग येतो.

ह्या सगळ्या शहाणपणानंतर आम्ही काय केलं, ते सांगायला पाहिजे.

२०१४ ला माझ्या डोक्यात आलं, आपल्या नावाची वायर काढू. माइकची आणि गिटारची. परदेशी वायर परवडत नाही आणि बाजारातली टिकत नाही, मध्ये जागा आहे. न्यूट्रिकचे जॅक घेतले, लिख्टेनश्टाइनची कंपनी, आजवर दगा दिला नव्हता. वायर एका घाऊक व्यापाऱ्याकडनं. पहिला लॉट दोनशेचा. मी आणि आमचा कारागीर, दोघांनी बसून डाख दिला. दुकानात कोणी डाख म्हणत नाही, 'शोल्डर' म्हणतात, पण आप्पांचा शब्द डाखच. तार आधी तापवायची, कथील तारेला लावायचं, गनला नाही. चमकदार बसलं तर जोड पक्का, मळकट दाणेदार दिसलं तर ड्राय, म्हणजे कच्चा. प्रत्येक वायर रात्रभर टांगून ठेवली, सकाळी हलवून हलवून तपासली. त्या दोनशे चार महिन्यांत संपल्या. एकही परत आली नाही.

दुसरा लॉट तीनशेचा. मागणी होती, हात कमी होते. वायर त्याच व्यापाऱ्याची, तोच रंग, तीच छपाई, तोच भाव. रात्रभर टांगायचं सोडून दिलं. नुसता मीटर लावला, टीं वाजलं की खोक्यात.

विसर्जनाच्या रात्री दीड वाजता निपाणीच्या मामांचा फोन. महाद्वार रोडवर गाडी उभी, मागं दोन मंडळं थांबलेली, आणि ऑक्टोपॅडमधनं खर्रर्र खर्रर्र. मी धावत पोचलो तोवर त्यांनी कुणाची तरी जुनी वायर मागून लावली होती. आमची वायर त्यांनी माझ्या हातात दिली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, 'तुमचं नाव बघून घेतली हुती.'

सकाळी ती ब्लेडनं कापली. जॅकच्या तोंडाशी निम्म्या तारा तुटलेल्या. एक तार नखावर धरून खरवडली. वरची तांब्याची कातडी निघाली, आत पांढरं. ॲल्युमिनिअम. मग पहिल्या लॉटचा शिल्लक तुकडा खरवडला, तो आतपर्यंत लाल. बाहेरची जाळीही पहिल्यापेक्षा विरळ होती. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, मागनंच तसा माल येतोय, सगळेच घेतात. भांडलो. पण खरं सांगायचं तर ब्लेड माझ्याकडेही होतं आणि तारही माझ्याकडेच होती.

तीनशेपैकी ८८ दुकानात होत्या. २१२ विकल्या गेल्या होत्या. बिलाच्या वहीतनं नावं काढली, फोन लावले, ज्यांचे नंबर नव्हते त्यांच्या गावात निरोप पाठवले. कुणी म्हणालं, 'आमची बरी चाललीय, कशाला?' त्यांनाही बदलून दिली. गडहिंग्लजचे एक गुरुजी वायरीबरोबर पेढे घेऊन आले, त्यांना वाटलं काहीतरी योजना लागलीय. १९३ परत आल्या. सगळ्या कापल्या. तांब्याची वायर शोधून पुन्हा बनवायला लागलो तेव्हा वर्षाचा नफा संपला होता आणि सोन्याचं एक तारण ठेवलं होतं. घरात ते कळायला थोडे दिवस लागले.

आता आमची वायर महिन्याला साठाच्या वर बनत नाही. प्रत्येकीवर पारदर्शक नळीत एक चिठ्ठी असते, तारीख आणि डाख देणाऱ्याची खूण. वायरीचं नवीन बंडल आलं की दोन्ही टोकं खरवडतो आणि रात्रभर टांगायचं परत सुरू केलंय.

मिरजेचे एक तंबोरा करणारे चाचा अधूनमधून येतात. त्यांना मी एकदा म्हटलं, तुमचं बरंय, तुमच्याकडे दोन तंबोरे सारखे असावेत अशी कुणाची अपेक्षाच नसते. भोपळा वेगळा, लाकूड वेगळं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हाची गोष्ट. ते हसले. म्हणाले, भोपळा वेगळा म्हणूनच जवारी, म्हणजे घोडीवरनं तारेला येणारा झणकार, सारखी लागावी लागते, नाहीतर गवई दुसऱ्यांदा दारात येत नाही. माझं बोलणं तिथंच संपलं.

२०१९ च्या महापुरात दुकानात छातीएवढं पाणी होतं. कीबोर्ड गेले, सात पेट्यांचं लाकूड फुगून भाते उघडले. चार एसएम-५८ गाळातनं काढून धुतले, वाळवले, जाळीतला स्पंज बदलला. तीन बोलले. वायरींची वही भिजली, पण बॉलपेननं लिहिलेली होती म्हणून वाचता आली. नंतर लॉकडाऊन, घरात बसून गाणी रेकॉर्ड करणारी पोरं, ऑडिओ इंटरफेसची विचारपूस. त्या काळात उलट वायरी जास्त गेल्या.

आप्पा २०२१ ला गेले. त्यांची कानस माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पेटीचं काम आता माझी मुलगी करते, आणि तीही पेटी रात्रभर ठेवते.

मागच्या गणपतीच्या आधी आजऱ्याकडचा एक पोरगा आला. वडलांचं भजनी साहित्य आवरताना सापडली म्हणून एक वायर घेऊन आला, खुटखुट करतेय म्हणाला. चिठ्ठी नसलेली. मी जॅक उघडून एक तार खरवडली, त्याला नवीन दिली, आणि वहीत त्या नावापुढं टिक केली. अजून अठरा बाहेर आहेत.