हिरवा त्रिकोण

कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा झालेले पेशंट आमच्या दवाखान्यात पावसाळ्यात येतातच, आणि २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले त्यानंतर तर विदर्भात कुणी नुसतं चक्कर म्हटलं तरी आम्ही आधी शर्टाचा वास घेतो. पण ही केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

दुपारी एक शेतमालक मजुराला आपल्या गाडीत घालून घेऊन आला, सोबत मजुराची बायको. "मॅडम, उन्हानं पडला." गावात कुणीतरी सलाईन लावून पुढे पाठवलेलं. बघते तर तोंडाला फेस, छातीत नुसती घरघर, नाडी ४६, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मांडीचे स्नायू कातडीखाली वळवळतायत. ऊन लागलेल्या माणसाची नाडी धावते हो, अशी रेंगाळत नाही. काय मारत होता विचारलं तर मालक लगेच गाडीतून बाटली घेऊन आला, लेबलवर हिरवा त्रिकोण. हिरवा म्हणजे सगळ्यात कमी विषारी, त्यावर निळा, मग पिवळा, आणि लाल सगळ्यात जहाल. बाटली म्हणतेय काही विशेष नाही, पेशंट म्हणतोय ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे नसांवर घाला घालणारं कीटकनाशक. मी पेशंटचं ऐकलं.

आधी कपडे काढले. पंप गळका असणार, शर्ट पाठीवर कंबरेपर्यंत भिजलेला आणि वास असा की डोळे चुरचुरले. साबण लावून केस, काखा, नखांच्या खाली, सगळं धुतलं, बायको ओरडतेय की आधी इंजेक्शन द्या, आंघोळ कसली घालता. आमचा इंटर्न तेवढ्यात पोट धुवायची नळी घेऊन हजर! अरे बाबा, पोटात गेलंच नाहीये, कातडीतून गेलंय. पोट धुतलं की विष गेलं ही समजूत फक्त नातेवाईकांची नाही.

मग ॲट्रोपिन, या विषावरचा उतारा. एका अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम, सुरुवातीलाच तीन, पाच मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर असेल तर डोस दुप्पट, परत पाच मिनिटं, परत दुप्पट. बाहुल्यांकडे बघत बसायचं नाही, छाती कोरडी व्हायला हवी, काखेतला घाम सुकायला हवा, नाडी ८० च्या वर. दोन सिस्टर नुसत्या अँप्युल फोडत होत्या, एकीचं बोट कापलं तरी थांबली नाही. या बायकांना कुणी शाबासकी देत नाही, स्टॉक रजिस्टरवर मात्र वरून शेरा येतो, इतकं ॲट्रोपिन कसं संपलं. रात्री तो बडबडायला लागला, चादर ओढतोय, हवेत काहीतरी पकडतोय. "यायले येड लागलं का जी?" बायको रडकुंडीला. नाही बाई, औषध चढलंय, उतरेल. उतरलं.

दुसऱ्या दिवशी तो चहा प्यायला आणि सगळे खूश. मी मात्र दर राउंडला त्याला उशीवरून डोकं उचलायला लावत होते, कारण या विषात एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू गळतात. तिसऱ्या दिवशी सकाळी डोकं उचललं गेलं नाही. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही, श्वासाची नळी टाकून १०८ मधून हाताने फुगा दाबत मेडिकल कॉलेजला पाठवला. वाचला तो.

पण त्याआधीच, दुसऱ्या रात्री, बायकोनं हळूच सांगितलं होतं, "मॅडम, लाल होतं औषध. भेंडीवर मारलं." नाव सांगितलं ते मोनोक्रोटोफॉसचं, ज्याला २००५ पासून भाजीपाल्यावर बंदी आहे. तेव्हा कुठे हिरव्या बाटलीचा उलगडा झाला, मालकाने दुसरीच बाटली दाखवली होती.

हवालदार एमएलसीसाठी, म्हणजे पोलिसांसाठीच्या नोंदीसाठी, आले ते 'विष प्राशन', म्हणजे स्वतःच प्यायला, असं लिहायच्या तयारीतच, सोपं पडतं ना. मी भिजलेली पाठ, कपडे, सगळं लिहिलं, दाखवलेली बाटली लक्षणांशी जुळत नाही हेही लिहिलं, कपडे सील करून दिले. उद्या माणूस गेलाच तर त्या एका शब्दावर सगळं फिरतं, शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत फवारणीची विषबाधा बसते, आत्महत्या बसत नाही. आणि याला तीही मिळाली नसती, सातबारा लागतो, याच्या घरात कुणाच्याच नावावर जमीन नाही, पंपसुद्धा मालकाचा.

मालक परत दिसला नाही. भेंडीचा तोडा मात्र त्याच आठवड्यात बाजारात गेला म्हणे. कृषी खात्यात फोन केला तर म्हणाले लेखी द्या. दिलंय.